लाईट, नेटवर्क, पाणी एकदम गेलं तर: सोसायटीने काय ठरवून ठेवायचं आणि महापालिकेला काय विचारायचं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: नाशिकला पाथर्डी फाट्याच्या बाजूला तीन विंगची, सात मजली, ८४ फ्लॅटची सोसायटी. मागच्या महिन्यात दुपारी लाईट गेली ती रात्री उशिरा आली, दोन-तीन तासांनी मोबाईलचं नेटवर्क पण गेलं, बी विंगच्या लिफ्टमध्ये एक आजी चाळीस मिनिटं अडकल्या कारण लिफ्टची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी अंबडला कामावर, गेटचा बूम, म्हणजे आडवा दांडा, उघडेना, संध्याकाळी वरच्या टाक्या कोरड्या, आणि सगळे व्हॉट्सॲप ग्रुपवर "कोणाला काही माहिती आहे का" टाकतायत ते कोणालाच पोचत नाहीये. आता कमिटीत दोन तट पडलेत, एक म्हणतो बारा लाखांचं जनरेटरचं कोटेशन पास करा, दुसरा म्हणतो हे महापालिकेचं काम आहे आपण कशाला. आणि तुम्ही विचारताय की असं दोन-तीन दिवस झालं तर तयारी काय लागते, त्यातली आपली किती आणि महापालिकेची किती.

मी पाणीपुरवठ्यात वीज-यांत्रिकी बाजूला २७ वर्षं काम केलं, जिल्ह्यातल्या लहान-मोठ्या योजनांवर, म्हणजे पंप, पॅनल, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह हेच आयुष्य. निवृत्तीनंतर इंदिरानगरला राहते आणि आमच्या भागातल्या सहा-सात सोसायट्यांबरोबर ह्याच तयारीचं काम करते. त्यामुळे पाण्यावर जरा जास्त बोलेन, ते समजून घ्या.

तुमची खरी अडचण लाईट गेली ही नाहीये असं मला वाटतं. लाईट आपल्याकडे जाते, येते. अडचण ही की दोन तासांनी काय करायचं, सहा तासांनी काय, आणि ते कोणी करायचं हे ८४ घरांपैकी एकालाही माहीत नव्हतं, आणि एकमेकांना विचारायचं जे साधन होतं तेच बंद पडलं. जनरेटर आणला तरी ही अडचण तशीच राहणार, फक्त किल्ली लिफ्टच्या ऐवजी जनरेटरची हरवेल.

दुसरं, बिघाड एकाच प्रकारचा येईल असं धरून चालू नका. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईत ग्रिड बसली तेव्हा वीज गेली म्हणून लोकल थांबल्या, हा सरळ प्रकार. १९ जुलै २०२४ ला जगभर विंडोजचे जवळजवळ ८५ लाख कॉम्प्युटर एका सुरक्षा कंपनीच्या चुकीच्या अपडेटने निळी स्क्रीन दाखवून बंद पडले, तेव्हा वीज होती, नेट होतं, तरी आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. ८ जुलै २०२२ ला कॅनडात एका मोठ्या कंपनीचं नेटवर्क देखभालीच्या कामातल्या चुकीने बसलं तर सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांचे फोन गेले, शिवाय दुकानातली कार्डं चालेनात आणि काही ठिकाणी तातडीच्या मदतीचा नंबरसुद्धा लागेना. आणि १२ एप्रिल २०२५ ला आपल्याकडे यूपीआय अडकलं तेव्हा बाकी सगळं सुरळीत होतं, फक्त खिशात पैसे नव्हते. म्हणजे कधी वीज नाही, कधी वीज आहे पण प्रोग्रॅम नाही, कधी दोन्ही आहे पण नेटवर्क नाही. प्रत्येकाची वेगळी योजना करत बसलात तर वहीच भरेल, म्हणून मी उलट बाजूने जाते: पाणी, औषध, म्हातारी आणि आजारी माणसं, निरोप, पैसे ह्या पाच गोष्टींसाठी हाताने चालणारा दुसरा रस्ता आहे का आणि तो कोणी एकदा तरी वापरून बघितलाय का, एवढंच बघायचं.

"वापरून बघितलाय का" ह्यावर माझा एवढा जोर का ते सांगते. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र. वायटूकेची भीती तेव्हा सगळीकडे होती, कॉम्प्युटर वर्षाचे शेवटचे दोनच आकडे ठेवतात म्हणून ००ला १९०० समजतील आणि वीज, फोन, बँका बंद पडतील असं म्हणत होते. मी एका छोट्या योजनेवर ज्युनियर इंजिनियर होते. आमच्या पंपहाऊसमध्ये कॉम्प्युटर कुठला, सगळं स्टार्टर आणि घड्याळाचा काटा, पण ग्रिड गेली तर आम्ही पण जाणार होतो, म्हणून वरून पत्र आलं की तयारी करा. डिसेंबरभर मी आणि आमचे ऑपरेटर काका प्रत्येक व्हॉल्व्ह फिरवून बघत होतो. बायपासचा व्हॉल्व्ह, म्हणजे पंप बंद असताना उंचावरच्या जुन्या टाकीतून गावाला नुसत्या उताराने पाणी देणारा, तो हलेचना. नकाशावर होता, रजिस्टरला दरवर्षी "तपासला, ठीक" अशी सही होती, पण स्पिंडल गंजून गच्च झालेलं. रॉकेल ओतून दोन दिवस ठेवला, मग दीड मीटरचा पाइप लिव्हर म्हणून लावून तीन माणसांनी जोर काढला तेव्हा पाव फेरा फिरला, आणि असं करत करत आठवड्याने पूर्ण उघडला. त्या रात्री अकरापर्यंत सगळ्या टाक्या भरून ठेवल्या, कंदील लावला, बारा वाजले, काही झालं नाही. लोक म्हणाले उगाच घाबरवलं. पण पुढच्या पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मर जळाला आणि नवा यायला चार दिवस लागले, ते चार दिवस गावाला पाणी मिळालं ते त्या बायपासमधून. म्हणून सहीवर माझा विश्वास नाही, व्हॉल्व्ह फिरवून दाखवा.

आता तुमच्याकडे येऊ. इथे बरंच काही परिस्थितीवर आहे हे आधीच सांगते. तुमचा संप, म्हणजे जमिनीखालची टाकी, किती लिटरचा, बोअर आहे का आणि त्याला उन्हाळ्यात पाणी असतं का, घरात ऑक्सिजनवर किंवा डायलिसिसवर कोणी आहे का, जवळ हॉस्पिटल असल्यामुळे तुमचा फीडर, म्हणजे तुमच्या भागाला वीज आणणारी लाईन, लवकर सुरू होतो का, ह्याच्यावर उत्तर बदलतं. दोन मजली रो-हाऊसवाल्यांना मी ह्यातलं निम्मं सांगणार नाही. सात मजल्यांना सांगावं लागतं.

पाण्याचं गणित. ८४ घरं, चार माणसं धरली तर ३३६. शहरात रोजच्या वापराला माणशी १३५ लिटर धरतात, म्हणजे दिवसाला ४५ हजारांच्या वर. तुमचा संप ५० हजार लिटरचा असेल असं धरू, तर रोजच्या सवयीने वापरलं तर तो जेमतेम एक दिवस पुरतो. तेच पिणं, स्वयंपाक, हात-तोंड, संडास एवढ्यावर आणून माणशी २० लिटर केलं तर दिवसाला ६,७२० लिटर, म्हणजे तोच संप सात दिवस. एका दिवसाचे सात दिवस होतात ते पैसे न घालता, फक्त कधी आवरतं घ्यायचं हे ठरलेलं असल्यामुळे. आणि इथेच बहुतेक सोसायट्या चुकतात, कारण लाईट गेली की पहिल्या काही तासांत हुशार घरं बादल्या, पिंप, टब सगळं भरून घेतात आणि वरची टाकी रिकामी, मग ऑफिसवरून उशिरा येणाऱ्याला थेंब नाही. म्हणून वरच्या टाकीच्या आउटलेटचा व्हॉल्व्ह दोन तासांनी बंद आणि मग सकाळी-संध्याकाळी अर्धा तासच उघडायचा. कोण बंद करणार, त्या माणसाचं नाव लागतं, आणि तो नसेल तर दुसऱ्याचं, आणि दुसरा पण नसेल तर वॉचमन. तीन नावं. गच्चीची किल्ली तिघांनाही माहीत असलेल्या एकाच खिळ्यावर.

संपापर्यंत पाणी आणायचं ते महापालिकेचं काम, वर चढवायचं ते आपलं, हा फरक कमिटीला नीट सांगा. लाईट तुमच्या भागातच गेली असेल आणि महापालिकेचा जलकुंभ भरलेला असेल तर संपात पाणी उताराने येतच राहतं, त्याला तुमची वीज लागत नाही. म्हणून संपातून पाणी काढायची सोय ही पहिली सोय. झाकण, दोरी, दोन स्वच्छ बादल्या ज्या दुसऱ्या कशाला वापरायच्या नाहीत, आणि आत मूल पडू नये म्हणून बाजूला एक माणूस उभा. छोटा पेट्रोलचा पंप घेणार असाल तर दुकानदार मिनिटाला किती लिटर ते सांगतो, तुम्ही हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो ते, विचारा: सात मजले म्हणजे २१-२२ मीटर, गच्चीवरची टाकी धरून २५, पाइपातलं नुकसान धरून ३० मीटरच्या खालचा घेऊ नका. उपसलेलं पाणी पिण्याआधी उकळा.

जनरेटरच्या मी विरोधात नाही. पण बारा लाखांचं कोटेशन म्हणजे बहुतेक घराघरातले पंखे-टीव्ही धरून काढलेलं असणार. एक पंप, प्रत्येक विंगची एक लिफ्ट आळीपाळीने, जिन्यातले दिवे, एवढंच धरून परत मागवा. ५ एचपीचा पंप चालताना चार-साडेचार किलोवॅट घेतो पण डायरेक्ट स्टार्टरने सुरू होताना पाच-सहा पट करंट खेचतो, म्हणून सुरुवातीचा करंट कमी करणारा स्टार-डेल्टा स्टार्टर लावला तर लहान जनरेटर पुरतो, हे लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून बसून काढून घ्या. डिझेलचं पण बघा. तासाला तीन लिटर धरलं आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तासच चालवला तर तीन दिवसांना ३६ लिटर, दिवसभर चालवला तर दुसऱ्या दिवशीच डिझेल शोधत फिराल, आणि पेट्रोल पंपाचं मशीन पण विजेवरच चालतं हे विसरू नका. आमच्या एका योजनेवर जनरेटर दर सोमवारी पाच मिनिटं चालवायचे, लोड न देता. वर्षानुवर्षं. खरी वेळ आली तेव्हा लोड दिल्यावर वीस मिनिटांत तापून बंद पडला, रेडिएटरमध्ये पाणीच नव्हतं. म्हणून चाचणी घ्यायची ती पंप लावून, अर्धा तास.

आणि हे हात जोडून सांगते, चेंजओव्हर स्विचशिवाय, म्हणजे एका वेळी बाहेरची लाईन नाहीतर जनरेटर यातलं एकच जोडणाऱ्या स्विचशिवाय, जनरेटर वायरिंगला जोडू देऊ नका, कोणी कितीही म्हटलं "एकदाच लावू". तुमची वीज उलटी बाहेरच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर जाते, आणि तिथे लाईन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढलेला असतो. तसंच तो बंद पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली चालवायचा नाही, धुराने माणसं झोपेतच दगावतात.

लिफ्टबद्दल थोडकंच. लाईट गेली की बॅटरीवर जवळच्या मजल्याला आणून दार उघडणारं यंत्र बहुतेक नव्या लिफ्टना असतं, तुमच्या बी विंगला ते असूनही चाललं नसेल तर बॅटरी मेलेली असणार, देखभालीच्या माणसाकडून महिन्याच्या महिन्याला मेन स्विच पाडून चालवून घ्या. हाताने सोडवायचं काम लिफ्ट कंपनीने शिकवलेल्या दोघांनीच करायचं. गेटच्या बूमला हाताने उचलायची किल्ली असते, ती वॉचमनकडे असलीच पाहिजे, नाहीतर ॲम्ब्युलन्स बाहेर उभी राहते.

आता माणसं. प्रत्येक विंगमध्ये एकाने घरोघरी जाऊन विचारायचं: ऑक्सिजनचं मशीन आहे का, इन्सुलिन आहे का, जिना न उतरता येणारं कोणी आहे का, दिवसा घरी एकटं कोणी असतं का. हे ग्रुपवर विचारू नका, लोक ग्रुपवर आजार सांगत नाहीत आणि सांगूही नये. उत्तरं कागदावर, पाकिटात, विंगच्या प्रतिनिधीकडे. ऑक्सिजन मशीनवाल्या घराने भरलेला सिलिंडर ठेवायचा आणि तो लावता येतो का ते आधी बघायचं. वापरात असलेली इन्सुलिन साधारण महिनाभर २५ ते ३० अंशांखाली चालते पण नाशिकचा एप्रिल-मे बघता खोलीचा भरवसा नाही, ओल्या कापडात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात ठेवायची जुनी रीत चांगली आहे, तरी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. आणि वरच्या-खालच्या घरांच्या जोड्या लावा. चौघांच्या घराला ८० लिटर म्हणजे २० लिटरच्या चार बादल्या, दोघांच्या घराला दोन, सहाव्या मजल्यावरचे सत्तरीचे काका-काकू त्या कशा नेणार? तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा नेणार, आणि हे त्या मुलाला आजच माहीत पाहिजे. आमच्याकडे ही जोडी लावल्यावर एरवीचं पण येणं-जाणं वाढलं, ते मला फार बरं वाटतं.

पैशांचं सोपं आहे. घरात तीन-चार दिवसांच्या भाजी-दुधाला पुरेल एवढी रोकड, त्यातही दहा-वीस-पन्नासच्या नोटा. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याशी कमिटीने आधीच बोलून ठेवा की यूपीआय बंद असेल तर फ्लॅट नंबर लिहून वहीवर माल द्या, आठवड्यात सोसायटी बघेल. मेडिकलवाल्याशी पण तेच.

निरोपाचं मात्र सविस्तर सांगते, कारण तुमचा सगळा घोळ तिथे झाला. आपल्या गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी त्याच्या पायाला लागलं, कमरेला आलं, छातीला आलं, असं अख्खं जुनं नाशिक बोलतं, आणि सराफ बाजार, भांडी बाजारातला दुकानदार पाणी कुठपर्यंत आलंय हे ऐकून ठरवतो की खालच्या फळीवरचा माल हलवायचा की दुकानच रिकामं करायचं. २००८ च्या पुरात आणि २०१६ च्या २ ऑगस्टला पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं होतं. आता ॲप आहेत, क्युसेकचे आकडे मिनिटामिनिटाला येतात, ते चांगलंच आहे, पण त्या मूर्तीला चार्जिंग लागत नाही, खूण सगळ्यांना एकच दिसते, आणि मुख्य म्हणजे कुठल्या खुणेला काय करायचं हे आधी ठरलेलं आहे, त्या वेळी मीटिंग घ्यावी लागत नाही. मी सोसायट्यांना हेच करायला लावते. तुमच्याकडे पाणी चढत नाही, तास चढतात, तर तासांच्या खुणा करा.

आमच्याकडच्या अशा आहेत. लाईट आणि नेटवर्क दोन्ही जाऊन दोन तास झाले की गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद, जोडीवाल्यांनी आपापल्या घराचं दार वाजवून बघायचं. सहा तास झाले की संपाचं झाकण उघडायचं, गेटजवळच्या फळ्यावर खडूने लिहायचं, आणि तिथून पुढे सकाळी नऊ आणि संध्याकाळी सहाला प्रत्येक घरातलं एक माणूस फळ्यापाशी. कोणी बोलवायचं नाही, वेळ म्हणजेच बोलावणं. चोवीस तास झाले की दोघं जण स्वतः महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जातात, तिथून महावितरणच्या कक्षात, आणि सहाच्या आत परत येऊन जे कळलं ते फळ्यावर लिहितात, त्यात ऐकीव काही नाही, कोण म्हणालं आणि किती वाजता म्हणालं ते लिहायचं. अफवा ह्याने थांबते. बॅटरीवरचा एक रेडिओ वॉचमनच्या केबिनमध्ये, सेल वेगळे काढून ठेवलेले. मोबाईलचे टॉवर बॅटरीवर चालतात, काहींना जनरेटर असतो, पण ते तास मोजकेच, म्हणून तुमचं नेटवर्क दोन-तीन तासांनी गेलं. जोपर्यंत आहे तोपर्यंत फोन लावत बसू नका, साधा एसएमएस करा, गर्दीतून तो जायची शक्यता जास्त. १०१, १०८, ११२, महावितरणचा १९१२ हे तर फळ्यावर हवेतच, पण नंबर लागला नाही तर जवळचं फायर स्टेशन आणि जवळचं हॉस्पिटल कुठल्या रस्त्याने, हे पण लिहा, कारण नकाशा पण फोनमध्येच असतो आणि द्वारका चौकातले सिग्नल बंद असतील तर नेहमीचा रस्ता कामाचा नाही.

महापालिकेचं किती? बरंच, आणि तुमच्या कमिटीतला दुसरा तट त्या बाबतीत चूक नाहीये. गंगापूर आणि मुकणे धरणातून पाणी उचलणं, शुद्ध करणं, जलकुंभ भरणं, ड्रेनेजचे पंप, हॉस्पिटलं, अग्निशमन, सिग्नल, हे कुठलीच सोसायटी करू शकत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याचं प्राधिकरण कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली आहे आणि स्थानिक संस्थांवर पण जबाबदारी टाकलेली आहे. पण "आमच्या सुरक्षेसाठी योजना करावी" असा अर्ज दिलात तर त्याला उत्तर येत नाही, कारण त्या अर्जाचं काय करायचं हे घेणाऱ्यालाही कळत नाही. मी खुर्चीच्या त्या बाजूला बसलेय, म्हणून सांगते. उत्तर देता येईल असं विचारा. आमच्या सोसायटीला कुठल्या जलकुंभातून पाणी येतं, तो भरलेला असताना पंपिंग थांबलं तर आमच्या भागाला किती तास पुरतो. त्या पंपिंग स्टेशनला दोन वेगळ्या सबस्टेशनवरून वीज आहे की एकाच. आमच्या भागात टँकर उभा करायची वेळ आली तर कुठे उभा राहणार आणि फोन बंद असतील तर कोणाला जाऊन भेटायचं. एवढे तीन प्रश्न, मराठीत, एका पानावर, विभागीय कार्यालयात देऊन आवक शिक्क्याची पोच घ्या, नगरसेवकांना एक प्रत द्या, महिन्यात उत्तर नाही आलं तर हेच माहितीच्या अधिकारात टाका. आणि नुसतं मागू नका, द्या पण: तुमच्या आजूबाजूच्या दहा सोसायट्यांत कोणाकडे चालू बोअर आहे, कोणाकडे ट्रॅक्टर, कोण निवृत्त नर्स, ह्याची यादी सोबत जोडा. उप-अभियंत्याला असा कागद क्वचित मिळतो, तो फाईलमध्ये जात नाही, टेबलाच्या काचेखाली जातो.

आतल्या बाजूचं एक सांगते, आणि त्यात कोणाला दोष द्यायचा नाहीये. आता योजना ऑटोमॅटिक झाल्यात, स्क्रीनवर बसून पंप चालू-बंद होतात, गळती लवकर कळते, खरंच चांगलं झालंय. पण प्रत्येक पॅनलवर लोकल आणि रिमोट असा एक स्विच असतो, लोकलला टाकला की स्क्रीन बंद असली तरी हिरवं बटण दाबून पंप चालतो. एका ठिकाणी सर्व्हर बसला तेव्हा चार तास पाणी बंद राहिलं, पंप धडधाकट, वीज आहे, आणि ड्युटीवरच्या मुलाला तो स्विच काय आहे हे कोणी दाखवलंच नव्हतं. मी गेले, स्विच फिरवला, पंप सुरू झाला. त्या मुलाच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणाला मॅडम मी रोज ह्याच्या समोर बसतो. तसंच व्हॉल्व्हमनचं. कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडला की कुठल्या गल्लीला पाणी चढतं हे त्याच्या डोक्यात असतं, तो निवृत्त झाला की शहराचा नकाशा त्याच्याबरोबर घरी जातो. कॉम्प्युटरवरचा नकाशा छापून प्रत्येक जलकुंभावर लावायला आणि जुन्या व्हॉल्व्हमनना महिन्यातून एक दिवस मानधनावर बोलवायला फार खर्च येत नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी कामं चालू आहेत, कॅमेरे, कंट्रोल रूम सगळं होईल, त्यातच हाताने चालवायच्या सरावाचे दिवस घालून घ्या असं नगरसेवकांना सांगायची हीच वेळ आहे, कारण घाटावर लाखांची गर्दी आणि नेटवर्क गच्च झालेलं असेल तेव्हा भोंगा आणि शिट्टीच चालणार.

२१ एप्रिल २०२१ ला आपल्याच शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी भरताना गळती झाली आणि पुरवठा थांबला त्या अर्ध्या तासात रुग्णांचे जीव गेले, ते नाशिककर विसरलेले नाहीत. चौकशी ज्यांनी करायची त्यांनी केली, मी त्याच्यात जात नाही. पण त्यानंतर मी कुठल्याही जागी गेले की पहिलं हेच बघते की ही एक वाट तुटली तर पुढची पाच मिनिटं काय, आणि ते करणारा माणूस ह्या क्षणी इमारतीत आहे का. तुमच्या भागातल्या नर्सिंग होमना हा प्रश्न नागरिक म्हणून विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, नीट शब्दांत विचारलात तर बहुतेक डॉक्टर दाखवतात.

राहिला सराव. त्याच्यासाठी वेगळा दिवस काढला तर कोणी येत नाही, हे मी दोनदा अनुभवलंय. आपल्याकडे महापालिका मधूनमधून देखभालीसाठी शनिवारी पाणी बंद ठेवते आणि रविवारी कमी दाबाने येतं, आदल्या दिवशी पेपरात असतं. तो शनिवार घ्या. पाणी नसणारच आहे, तर सकाळी नऊ ते दुपारी एक सोसायटीचे पंप आणि लिफ्ट तुम्हीच बंद करा, जिन्यावर ज्यांना त्रास आहे त्यांना सोडून, आणि घरोघरी फोन बाजूला ठेवायला सांगा. दोन तासांची आणि सहा तासांची खूण चार तासांत बसवून करा. आमच्या पहिल्या शनिवारी काय काय निघालं: गच्चीची किल्ली खिळ्यावर नव्हती, सी विंगच्या व्हॉल्व्हची चावी तुटलेली, जोडीतल्या तीन मुलांना आपण कोणाच्या जोडीला आहोत हेच माहीत नव्हतं, आणि चौथ्या मजल्यावरच्या एक आजी, ज्यांचं नाव आमच्या यादीत नव्हतं कारण त्या मुलीकडे "चार दिवसांसाठी" आल्या होत्या आणि दोन वर्षं झाली होती. त्यांना चालता येत नव्हतं. यादी त्या दिवशी बदलली, आणि तेव्हापासून दर सहा महिन्यांनी दारोदारी जाऊन नव्याने करतो.

जनरेटरचं कोटेशन त्या शनिवारनंतरच्या मीटिंगला ठेवा. आणि संपाचं झाकण मात्र शनिवारची वाट न बघता ह्या आठवड्यातच उघडून बघा, आमचं वरच्या फरशीखाली गेलं होतं, बिल्डरने पार्किंगला टाइल्स लावताना झाकून टाकलेलं, आणि ते शोधायला अर्धा दिवस आणि काढायला कटर लागला.